कूलंटमधली हवा एकट्याने कशी काढायची?

(हे या भागाचं लेखी रूप. बॉनेट उघडून, हात ओले करून उभे असताना ऑडिओ मागेपुढे करणं अवघड जातं, म्हणून पायऱ्या इथे क्रमाने दिल्या आहेत.)

आजचा भाग अशा लोकांसाठी, ज्यांनी नुकतंच गाडीचं कूलंट बदललंय, एखादा होज पाइप किंवा थर्मोस्टॅट बदललाय, आणि त्यानंतर गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली आहे. पाइप नवा, कूलंट नवं, खाली एक थेंब गळत नाही. तरी काटा वर. मग आपण म्हणतो, मेकॅनिकने काहीतरी बिघडवलं. पण खूप वेळा बिघडलेलं काहीच नसतं. आत फक्त हवा अडकलेली असते.

ही हवा काढायला गॅरेजमध्ये साधारण दोन माणसं लागतात. एक आत बसून ॲक्सिलरेटर देतो आणि काट्यावर नजर ठेवतो, दुसरा पुढे उभा राहून कूलंट ओततो. पण आपल्यापैकी कितीतरी जण शहरात एकटे राहतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कोणाला हाक मारणार? म्हणून आज एकट्याने करायची पद्धत. मी ती अशीच करतो, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की दुसऱ्या माणसाची जागा तीन गोष्टी घेऊ शकतात: उतार, नरसाळं आणि वेळ. यातली वेळ सगळ्यात महत्त्वाची.

हवेने एवढं काय बिघडतं?

गावाकडे विहिरीवरची मोटार पाहिली असेल तर हे लगेच समजेल. पाइपात हवा धरली की मोटार नुसती गरगरते, पाणी वर येत नाही. आधी पाइप पाण्याने भरावा लागतो, मगच ती पाणी उचलते. गाडीचा वॉटर पंप त्याच जातीचा. त्याची पाती पाणी ढकलायला बनवलेली असतात, हवा ढकलायला नाही. पंपापाशी हवेचा मोठा फुगा आला की कूलंट फिरणंच थांबतं.

दुसरं म्हणजे हवा उष्णता वाहून नेत नाही. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या ३००० पटींहून जास्त उष्णता धरू शकतं. म्हणजे सिलेंडर हेडच्या आत जिथे कूलंट हवं, तिथे हवा बसली तर तो कोपरा जवळजवळ उघडाच पडला. हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. एकाच जागी जास्त तापलं की ते वाकतं, मग हेड गॅस्केट जातं. कूलंटचा एक डबा आणि सकाळचे दोन तास एका बाजूला, आणि इंजिन खोलण्याचं बिल दुसऱ्या बाजूला. हिशेब तुम्हीच करा.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: हवा अडकली असेल तर काटा खोटं बोलू शकतो. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असायला हवा. तो हवेच्या फुग्यात आला तर इंजिन तापलेलं असतानाही आकडा कमी दिसतो, नाहीतर काटा उगाच वरखाली नाचतो. आणि हल्लीच्या कितीतरी छोट्या गाड्यांना तर काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल. लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅसकडे धावणं.

हवाच आहे हे ओळखायचं कसं?

चार खुणा लक्षात ठेवा.

एक, गाडी सुरू केल्यावर किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावर डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतो, कोणीतरी बाटली हलवतंय तसा. तिथे हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि हवेला ती जागा आवडते.

दोन, इंजिन गरम झालंय, हीटर पूर्ण गरमवर ठेवलाय, तरी वारा गारच येतो. ही सगळ्यात भरवशाची खूण. मुंबई-पुण्यात आपण हीटर वर्षानुवर्षं लावत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही.

तीन, काटा स्थिर राहत नाही.

चार, काल बरोबर रेषेपर्यंत भरलेलं कूलंट आज सकाळी खाली गेलंय, पण गळती कुठेच नाही. आतली हवा निघाली आणि तिची जागा कूलंटने घेतली, असा त्याचा अर्थ असू शकतो.

अजून एक साधी तपासणी. कूलंट बदलताना जुनं किती निघालं ते मोजून ठेवा. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्यांनी मोजलं तरी चालेल, फक्त त्या बाटल्या नंतर फेकून द्या. समजा ४ लिटर निघालं आणि नवं ३ लिटरच आत गेलं, तर उरलेला १ लिटर कुठे गेला? तेवढी हवा आत आहे. एवढा साधा हिशेब, पण अर्धं काम इथेच होतं.

सुरुवातीला सुरक्षेचं

हा भाग कृपया पुढे ढकलू नका.

रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकर. झाकणावर बहुतेक वेळा ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. दाबामुळे आतलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण तुम्ही गरम असताना झाकण उघडलंत की दाब क्षणात जातो, आणि तेच कूलंट वाफ होऊन तोंडावर येतं. कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढायचा प्रयत्न आपण करत नाही ना? इथेही नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात उत्तम. वरचा जाड होज पाइप हाताने दाबून बघा. तो मऊ आणि गार लागला, तरच झाकणाला हात लावा, तोही जाड फडकं ठेवून, हळूहळू फिरवत.

बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. इंजिन अर्धा तास चालू राहणार आहे आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. गाडी उघड्यावर आणा.

रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं आयकार्ड, मोकळे केस, हे सगळं आधी आवरा.

आणि कूलंट विषारी असतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

सामान काय लागेल?

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट. रंग बघून घेऊ नका, हिरवं-लाल-निळं हे कंपनीगणिक बदलतं. डब्यावर थेट वापरायचं लिहिलंय की पाणी मिसळायचं, तेही वाचा. पाणी मिसळायचं असेल तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार किटलीच्या तळासारखे आतून बसतात.

न सांडणारं नरसाळं. ऑनलाइन मिळतं, सोबत वेगवेगळ्या तोंडांची झाकणं येतात. ते रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसतं आणि त्यात कूलंटचा साठा उभा राहतो. तुम्ही आत बसलेले असताना ओतत राहणारा दुसरा माणूस म्हणजे हे नरसाळं. पाण्याची बाटली कापून जुगाड करू नका. ते पातळ प्लास्टिक ७०-८० अंशांनाच मऊ पडतं आणि आपलं कूलंट त्याच्या वर जाणार आहे.

फोन आणि ओबीडी डाँगल. स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं, त्यात हा छोटा डबा लावायचा आणि ब्लूटूथने कूलंटचं तापमान फोनवर अंशांत दिसतं. म्हणजे पुढे उभे राहूनही आतला आकडा हातात. डाँगल नसेल तरी अडत नाही, मध्ये मध्ये आत डोकावत राहायचं. फक्त आठवण ठेवा, हा आकडाही सेन्सरकडूनच येतो. सेन्सर हवेत असेल तर फोनही फसेल. म्हणून आकड्याबरोबर हीटरचा वारा तपासायचाच.

आता प्रत्यक्ष काम

१. गाडीचं तोंड चढाच्या दिशेला करून उभी करा. सोसायटीच्या गेटचा उतारही पुरतो. हवा नेहमी सर्वात उंच जागी जाते. ती उंच जागा म्हणजे जिथून आपण कूलंट ओततो ते तोंड असायला हवं, एवढंच तत्त्व. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर पी. मागच्या चाकांना मागून दगड लावा. तुम्ही गाडीच्या पुढे एकटे उभे राहणार आहात, त्यामुळे दगड विसरायचा नाही.

२. झाकण काढून कूलंट अगदी बारीक धारेने ओता. भसकन ओतलं की तेच हवा आत कोंडतं. थोडं ओता, वरचा आणि खालचा होज पाइप हाताने दाबा-सोडा, बुडबुडे येऊ द्या, परत ओता. काही गाड्यांत थर्मोस्टॅटपाशी किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे न येता सलग धार लागली की बंद करा. जोर लावू नका, बऱ्याच गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो.

३. नरसाळं बसवा आणि अर्धं भरा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा कमी वेगावर, एसी बंद. एसी चालू असेल तर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरत राहतो, आणि मग तो इंजिन तापल्यामुळे लागला की एसीमुळे, हे कळत नाही.

४. इंजिन सुरू करा आणि स्लोवर चालू द्या. सुरुवातीला नरसाळ्यात बुडबुडे येतील. येऊ देत. आता घाई करायची नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तोपर्यंत रेडिएटर आणि इंजिन यांच्यातलं दार बंदच असतं, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर यायला वाटच नसते. थंड गाडीत कूलंट काठोकाठ भरलं आणि काम झालं असं समजलं, तर फसगत होते ती यामुळेच.

५. दहा ते वीस मिनिटांत एका क्षणी नरसाळ्यातली पातळी झपकन खाली जाईल आणि वरचा होज पाइप गरम होईल. दार उघडलं! लगेच थोडं कूलंट घाला, नरसाळं रिकामं होऊ देऊ नका.

६. आता आत बसा आणि ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर दहा-पंधरा सेकंद ठेवा, मग सोडा. असं तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी बाहेर येऊन पातळी बघा. जोर दिला की पातळी उतरते, सोडला की चढते, म्हणून नरसाळं काठापर्यंत भरू नका. ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून बाहेर येण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

७. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. असं दोनदा होऊ द्या. आता तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: बुडबुडे थांबलेत, हीटरमधून सलग गरम वारा येतोय, आणि आकडा स्थिर आहे. तिन्ही जमल्या, इंजिन बंद.

८. आणि आता नरसाळं काढू नका! तसंच राहू द्या, दोन-तीन तास. इंजिन गार होताना आतलं कूलंट आकसतं आणि नरसाळ्यातलं कूलंट स्वतःच ओढून घेतं. पूर्ण गार झाल्यावर नरसाळं काढा, पातळी पूर्ण करा, झाकण घट्ट लावा, बाजूची रिझर्व्ह बाटली वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये भरा.

मध्येच आकडा १०५ च्या पुढे गेला, नरसाळ्यातून वाफ यायला लागली, किंवा गरम येणारा हीटरचा वारा अचानक गार झाला, तर त्या क्षणी इंजिन बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. गार होऊ द्या आणि पहिल्या पायरीपासून परत सुरू करा.

नरसाळं नसेल तर?

तर काम वेळेवर सोपवा. थंड गाडीत सावकाश भरा, पाइप दाबून जेवढी हवा निघेल तेवढी काढा, झाकण लावा आणि रिझर्व्ह बाटली वरच्या रेषेपर्यंत भरा. मग गाडी गरम होऊ द्या, घराजवळच एक छोटा फेरा मारा, आणि रात्रभर उभी ठेवा.

यात काय घडतं ते बघा. झाकणात दोन झडपा असतात. गरम झाल्यावर कूलंट फुगतं, एक झडप उघडते, आणि हवा बाटलीत बुडबुड करत निघून जाते. गार झाल्यावर दुसरी झडप उघडते आणि तीच पाइप बाटलीच्या तळातून कूलंट ओढून घेते. म्हणजे प्रत्येक गरम-गार चक्रात गाडी एक श्वास घेते: हवा बाहेर, कूलंट आत. बाटली रिकामी असेल तर मात्र ती परत हवाच ओढणार. म्हणून सलग दोन-तीन सकाळी बाटली बघायची आणि भरायची.

काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतंच. त्याऐवजी दाबाखालची गोल टाकी असते आणि सगळ्यात उंचावर तीच असते. अशा गाड्यांत हवा बरीचशी आपोआप त्या टाकीत येते. पद्धत तीच, फक्त ओतायचं टाकीत आणि रेषेच्या वर नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या यात धरू नका. तिथे विजेवर चालणारे पंप असतात आणि हवा काढण्यासाठी ते स्कॅनरने चालवावे लागतात. ते काम सर्व्हिस सेंटरचंच.

बुडबुडे थांबतच नसतील तर?

हे नीट ऐका. अडकलेली हवा मोजकी असते, ती कधीतरी संपते. दोन-तीन चक्रांनंतरही बुडबुडे येतच असतील, तर ती हवा नाही. इंजिनातला जळालेला गॅस कूलंटमध्ये घुसतोय आणि हेड गॅस्केट गेल्याची ती शक्यता आहे. सोबत अजून खुणा बघा: थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत होज पाइप दगडासारखा टणक होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. असं असेल तर हवा काढत बसू नका, गाडी चालवूही नका. टो करून न्या. तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी हे दुरुस्त होणार नाही, आणि हे वेळेत कळणं हाही या कामाचा फायदाच आहे.

घाटात जायच्या आधी

कूलंटचं काम केल्यावर दुसऱ्याच दिवशी कसारा, खंबाटकी किंवा आंबोली घाट चढायला निघू नका. आधी दोन-तीन दिवस गावातल्या गावात चालवा, रोज सकाळी पातळी बघा. ती एकाच जागी टिकली की मग लांबचा प्रवास.

आणि समजा घाटातच काटा वर गेला, तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. पहिली सुरक्षित जागा दिसली की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि झाकणाला हात न लावता थांबा. मागच्या सीटवरचे काका "अरे, पाणी घाल रे पटकन" म्हणतील. त्यांना चहा पाजा. निदान तासभर तरी.

तर मंडळी, घरी करून बघायची एक गोष्ट आजच सांगतो, त्यासाठी पाना लागत नाही, कूलंटही नाही. उद्या सकाळी गाडी गरम झाल्यावर एकदा हीटर पूर्ण गरमवर लावा आणि हात धरून बघा. वारा गरम आला तर निश्चिंत राहा. गार आला, तर हा भाग परत वर नेऊन पहिल्या पायरीपासून वाचा. पुढच्या वेळी बोलू ब्रेक ऑइलबद्दल, तिथेही हवा काढावी लागते. तोपर्यंत, झाकण गरम असताना उघडायचं नाही!